‘किमो संपू द्या, मग बघू’ला आमचा नकार

आम्ही पुणतांबा आणि गोदाकाठच्या आसपासच्या गावांतली माणसं. आमच्यातल्या काहींचा पाय कॅन्सरमुळे काढावा लागला, काहींच्या मुलाचा, भावाचा, बायकोचा. काही जणी आशाताई आहेत, काही जण फिजिओथेरपी शिकतायत आणि एक-दोघं निवृत्त शिक्षक आहेत, ज्यांना जाहीरनामे लिहायची जुनी हौस आहे. आमचं म्हणणं एकच आहे, ते सुरुवातीलाच सांगून टाकतो. कॅन्सरमुळे पाय काढलेल्या माणसाला ऑपरेशनच्या त्याच आठवड्यात उभं करा. जखम भरली की, किमो चालू असतानाच, त्याला तात्पुरत्या पायावर चालवा. चालणं हा कॅन्सरच्या उपचाराचाच एक भाग आहे, असं आम्ही मानतो आणि तसंच ते दवाखान्याच्या कागदावर लिहिलं जावं, अशी आमची मागणी आहे.

आज काय घडतं ते बघा. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराचा गुडघा सुजतो. खेळताना पडला असेल म्हणून तेल लावून चोळतात. कुणीतरी हाडवैद्याचं नाव सुचवतं, पट्टी बांधली जाते. सूज उतरत नाही, रात्रीचं दुखणं वाढतं. मग एक्स-रे, एमआरआय, तुकडा काढून तपासणी आणि नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा थेट मुंबईत परळच्या टाटा कर्करुग्णालयाची वाट. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम. किमोचे काही डोस, मग ऑपरेशन. टाके निघतात, पोराला गावी आणतात, ओसरीवरच्या खाटेवर निजवतात. निघताना घरच्यांनी भीत भीत विचारलेलं असतं, हा चालेल कधी? उत्तर मिळालेलं असतं: आधी किमो संपू द्या, मग पायाचं बघू.

या उत्तरात कुणाचा दुष्टपणा नाही. डॉक्टरांपुढे जीव वाचवायचं काम असतं आणि बाहेर रांग लागलेली असते. घरच्यांनाही ते पटतं. पोरगं जगलं हेच खूप, चालण्याचं काय घेऊन बसलात. पण ऑपरेशननंतरची किमो चार-पाच महिने चालते. रक्तातल्या पेशी उतरल्या, ताप आला की तारखा आणखी पुढे जातात. तेवढ्या काळात खाटेवर काय होतं, ते आम्ही पाहिलं आहे. दुखू नये म्हणून आई उरलेल्या मांडीखाली उशी देते. उशीवर पाय वर राहतो, खुब्याचे स्नायू आखडतात, मांडी पुढे आणि बाहेरच्या अंगाला ओढली जाते. गुडघ्याखालून पाय काढला असेल, तर गुडघा वाकलेलाच घट्ट होतो. मग सहा महिन्यांनी कृत्रिम पाय बनवायला जावं, तर तंत्रज्ञ सांगतो की सांधा सरळच होत नाही, पाय बसवू कसा? ज्या उशीनं आराम दिला, तिनंच चाल नेली. शाळा सुटलेली असते ती वेगळीच. आणि मनात भीती बसते, जी कुठल्याच एक्स-रेत दिसत नाही.

कॅन्सरनं पाय गेलेला माणूस कोण असतो, हे गावाला नीट माहीत नाही. पाय काढला म्हटलं की आपल्याकडे पहिला अंदाज शुगरचा, दुसरा अपघाताचा. हाडाचा जो कॅन्सर सगळ्यात जास्त मुलांना गाठतो, त्या ऑस्टिओसार्कोमाची आवडती जागा गुडघ्याच्या आसपास असते: मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक. हाड ज्या वयात झपाट्यानं वाढतं, त्याच वयात तो येतो. मोठ्या माणसांत कारणं वेगळी. स्नायू-चरबीतून उठणाऱ्या गाठी असतात. तळव्यावरचा काळा डाग असतो, जो काटा मोडला असेल म्हणून वर्षभर दुर्लक्षित राहतो. आणि एक प्रकार आमच्या भागात सांगितलाच पाहिजे: चुलीवर किंवा स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या जागेचा जुना व्रण. वर्षानुवर्षं न भरणारी, कधी कोरडी तर कधी ओली होणारी अशी जखम पुढे कॅन्सरमध्ये बदलू शकते. मार्जोलिन अल्सर म्हणतात त्याला. अशी जखम अंगावर घेऊन उसात खुरपणी करणाऱ्या बायका असतात आणि कुणी विचारलं तर जुनंच आहे म्हणून पदर ओढून घेतात.

एक गैरसमज इथेच दूर करतो. पाय काढण्याचा आम्ही पुरस्कार करत नाही. 1970 च्या दशकापर्यंत हाडाच्या कॅन्सरला पाय काढणं हाच उपाय होता आणि तो करूनही पाचातला एखादाच वाचायचा. किमो आल्यावर चित्र पालटलं. आज रोग पसरलेला नसताना वेळेवर आलेल्या बहुतेक रुग्णांचा पाय मोठ्या केंद्रांत वाचवतात. रोगट हाड काढून धातूचा सांधा बसवतात. ज्यांचा पाय वाचू शकतो, त्यांचा वाचलाच पाहिजे. पण जे उशिरा पोहोचतात, ज्यांची मुख्य रक्तवाहिनी किंवा नस गाठीत अडकली, ज्यांची गाठ चोळून-दाबून फुटली, हाड मोडलं, बसवलेल्या सांध्यात पू झाला किंवा रोग पुन्हा त्याच जागी उगवला, त्यांचा पाय अजूनही जातो. उशिरा पोहोचणाऱ्यांत खेड्यातली माणसं जास्त, हे सांगायला आकडेवारी लागत नाही. म्हणून हा प्रश्न आमचा.

आता मूळ मुद्दा. ऑपरेशननंतर इतक्या लवकर चालवता येतं का? येतं. आणि ही काही नवी टूम नाही. फ्रान्समध्ये बर्लेमाँ, पोलंडमध्ये मारियान वाइस आणि अमेरिकेत सिएटलला अर्नेस्ट बर्जेस या डॉक्टरांनी 1960 च्या आसपास ही पद्धत रुळवली. ऑपरेशनच्या टेबलावरच उरलेल्या पायाला प्लास्टरचं आवरण घालायचं, त्याला खाली एक नळी आणि पाऊल जोडायचं आणि माणसाला एक-दोन दिवसांत दांड्यांच्या आधारानं उभं करायचं. सगळा भार टाकायचा नाही, नुसता जमिनीला स्पर्श. प्लास्टरमुळे सूज आवळली जाते, दुखणं कमी होतं, पडल्यावर जखमेला मार बसत नाही. ब्रिटनमध्ये पुढे हवा भरलेली पिशवी आणि धातूची चौकट असं साधन आलं. जखम बरी दिसत असेल, तर ते पाचव्या-सातव्या दिवसापासून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली लावतात. एकच साधन दवाखान्यात दिवसभर अनेक रुग्णांना वापरता येतं.

आणि कॅन्सरच्या रुग्णाबद्दल विचारायचं, तर टेरी फॉक्सचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कॅनडातला हा पोरगा. मार्च 1977 मध्ये, 18 व्या वर्षी, ऑस्टिओसार्कोमामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढला. तीन आठवड्यांत तो कृत्रिम पायावर चालत होता. किमो त्याची त्यानंतर सोळा महिने चालली. म्हणजे किमोही चालू होती आणि चालणंही चालू होतं. 1980 च्या एप्रिलमध्ये तो कॅन्सर संशोधनासाठी पैसे जमवायला कॅनडाभर धावत निघाला, 143 दिवसांत 5,373 किलोमीटर गेला आणि रोग फुफ्फुसात आल्यावर थांबला. जून 1981 मध्ये, बाविसाव्या वर्षी गेला. त्याच्या नावानं मुंबईतही दौड भरत आली आहे. लोक त्याच्या धावण्याचे गोडवे गातात. आम्हाला मात्र त्याच्या गोष्टीतले पहिले तीन आठवडे जास्त महत्त्वाचे वाटतात. ते तीन आठवडे कुणाच्या तरी हातांनी घडवले होते. फिजिओथेरपिस्ट होता, पाय बनवणारा होता, उद्या उभं राहायचं आहे असं सांगणारं कुणीतरी होतं. पंचेचाळीसहून अधिक वर्षं झाली. राहाता तालुक्यातल्या पोराला ते तीन आठवडे आज का मिळू नयेत?

(आणखी एक. कृपा करून आम्हाला शिखर चढणाऱ्यांच्या गोष्टी सांगायला येऊ नका. आमच्या पोराला आधी झेडपीच्या शाळेपर्यंत जायचं आहे.)

कॅन्सरच्या रुग्णाच्या बाजूनं एक गोष्ट असते, जी सहसा कुणी बोलत नाही. शुगरमुळे पाय गेलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्या बहुधा आधीच खराब असतात. जखम भरायला महिने लागतात, दुसरा पायही धोक्यात असतो. कॅन्सरचा रुग्ण बहुतेक वेळा तरुण असतो, त्याचा रक्तपुरवठा चांगला असतो, छाती-दम ठीक असतो, हात मजबूत असतात. त्याला लवकर उभं करणं खरं तर सोपं. अडचणी आहेत आणि त्या आम्ही लपवणार नाही. त्याचा पाय बहुधा वरून, मांडीतून जातो, कधी खुब्यापासून. गुडघ्याखालून पाय गेला, तर चालायला नेहमीपेक्षा अंदाजे पाव पट जास्त ताकद लागते. मांडीतून गेला, तर निम्म्याहून अधिक. किमोनं रक्त उतरतं, धाप लागते. सिस्प्लॅटिनसारख्या औषधानं उरलेल्या चांगल्या पायाचाही तळवा बधिर होऊ शकतो, मग पाऊल कुठे पडलं ते कळत नाही. उलट्यांनी वजन घटलं की स्टंप, म्हणजे उरलेला पाय, बारीक होतो. सलाइन चढवल्यावर तो फुगतो. आज मापात बसलेलं सॉकेट, म्हणजे स्टंप जिच्यात बसतो ती कृत्रिम पायाची खोबण, पुढच्या महिन्यात सैल.

‘किमो संपू द्या’ म्हणणाऱ्यांचा खरा आधार हाच असतो: माप बदलणार आहे, तर महागाचा पाय आत्ता कशाला? हा हिशेब आम्हालाही कळतो. पण वाढत्या पोराला दिवाळीचे कपडे घेताना कुणी असं म्हणत नाही की, उंची थांबेपर्यंत उघडा राहा. पहिला पाय स्वस्त असू द्या. प्लास्टरचा असू द्या, नळीचा असू द्या, आवळता-सैल करता येणारा असू द्या. सैल झाला की मोज्यांचा एक थर वाढवा, तेही पुरेना झालं की सॉकेट बदला. पक्का पाय नंतर, स्टंप स्थिर झाल्यावर. आमची लढाई त्या पहिल्या, तात्पुरत्या पायासाठी आहे.

आता पायरीपायरीनं काय व्हायला हवं, ते सांगतो. डॉक्टरांनी यात दुरुस्ती सुचवावी, आम्ही ऐकू.

ऑपरेशनच्या आधी रुग्णाला तीन माणसं भेटली पाहिजेत: सर्जन, फिजिओथेरपिस्ट आणि पाय बनवणारा तंत्रज्ञ. जमलं तर चौथा, ज्याचा पाय पूर्वी गेला आहे आणि जो आज स्वतः चालत आलाय असा माणूस. पाय कुठून काढायचा हे अर्थातच रोग ठरवतो. पण रोगापासून सुरक्षित अंतर राखून गुडघा वाचत असेल, तर त्या गुडघ्याची किंमत काय आहे, हे चालवणाऱ्या माणसाला जास्त ठाऊक असतं. कुबड्या धरायला ऑपरेशनच्या आधीच शिकवा. दोन पाय असताना तोल शिकणं सोपं असतं.

पहिल्या दिवसापासून उशी बंद. हे आम्ही गावात भिंतीवर रंगवणार आहोत. दिवसातून दोन-तीन वेळा, पंधरा-वीस मिनिटं, डॉक्टरांच्या परवानगीनं पालथं झोपवा. त्यानं खुबा सरळ राहतो. गुडघ्याखालून पाय गेला असेल, तर खुर्चीत बसताना गुडघा लोंबता ठेवू नका, खाली फळी द्या. एक-दोन दिवसांत खाटेशेजारी उभं करा, मग वॉकर, मग कुबड्या. कुबडीची वरची गादी काखेच्या दोन-तीन बोटं खाली हवी आणि भार मनगटावर. काखेत रेलून चाललं की तिथली नस दबते आणि हात लुळा पडतो. अशी माणसं आम्ही पाहिली आहेत, पाय कॅन्सरनं गेला आणि हात कुबडीनं.

क्रेप बँडेज. हा विषय लहान वाटतो, पण आमच्या अनुभवात चालण्याचं निम्मं भवितव्य त्यात आहे. स्टंप कृत्रिम पायात बसण्यासाठी त्याला निमुळता, घट्ट आकार यावा लागतो. त्यासाठी इंग्रजी आठच्या आकड्यासारखे तिरपे वेढे घ्यायचे, टोकाला घट्ट आणि वर जाताना सैल. गोल गोल वेढे कधीच नाहीत. त्यानं मध्ये गळफास बसतो आणि टोक फुगतं. दिवसातून अनेक वेळा सोडून पुन्हा बांधायचं. हे शिकायला शहाणपण लागत नाही, सराव लागतो. घरातल्या दोघांना तरी यायला हवं, कारण एकजण नेमका बाजाराला गेलेला असतो.

टाके भरल्यावर, साधारण दोन-तीन आठवड्यांत, जेव्हा किमो पुन्हा सुरू होते, तेव्हाच तात्पुरता पाय. आधी थोडा भार, मग वाढवत न्यायचा. किती भार पडतोय हे पाहायला साधा वजनकाटा पुरतो: काट्यावर तात्पुरता पाय, शेजारी तेवढ्याच उंचीच्या पाटावर दुसरा. किमोच्या आठवड्यात अंगात त्राण नसतं. त्या आठवड्यात कमी चाला, खाटेवरचे व्यायाम करा, पुढच्या आठवड्यात भरून काढा. पेशी फार खाली गेल्या असतील, तर काय थांबवायचं ते डॉक्टर सांगतील. आणि थांबायची खूण स्वतःलाही कळली पाहिजे: टाक्यांशी लाली, पाणी, वास, नवा फोड दिसला की पाय काढून ठेवा आणि दाखवा. किमो चालू असताना ताप आला, तर मात्र सकाळची वाट पाहू नका, रात्रीच गाडी करा.

गेलेला पाय दुखतो, याबद्दलही बोलू. पाय काढलेल्या निम्म्याहून अधिक माणसांना तो जागेवर असल्यासारखा दुखतो, त्याच्या बोटांत कळा येतात, टाचेला खाज सुटते. अमेरिकन डॉक्टर वियर मिचेल यांनी 1871 मध्ये यावर लिहिलं, म्हणजे वैद्यकाला हे जुनंच आहे. पण आमच्याकडे अजून कुणी अंगारा आणतं, कुणी ‘पाय कुठे पुरलाय ते विचारा’ म्हणतं, आणि पोरगं वेडं ठरेल या भीतीनं बोलायचंच बंद होतं. यावर गोळ्या आहेत. रामचंद्रन या मूळच्या तमिळ संशोधकानं 1990 च्या दशकात पुढे आणलेला आरशाचा उपाय आहे: दोन पायांच्या मध्ये उभा आरसा ठेवून चांगल्या पायाचं प्रतिबिंब पाहत व्यायाम करायचा. सगळ्यांना लागू पडत नाही, पण आरसा प्रत्येक घरात असतो आणि करून पाहायला पैसा लागत नाही. स्टंप बांधलेला राहणं आणि त्यावर भार येणं यानंही पुष्कळांचं हे दुखणं हलकं होतं.

आणि रात्र. झोपेतून लघवीला उठताना माणूस पाय नाही हे विसरतो आणि सरळ दोन पायांवर उतरायला जातो. पडतो तो थेट ताज्या टाक्यांवर. खाटेच्या त्या बाजूला खुर्ची आडवी लावा, उशाशी घंटी ठेवा, लाइट गेल्यावर लागणारी बॅटरी ठेवा. वस्तीवरच्या घरात संडास अंगणापलीकडे असतो आणि पावसाळ्यात मध्ये काळ्या मातीचा चिखल. कमोडची खुर्ची आणि चार फरशा टाकलेली पायवाट, एवढ्यानं पडणं टळतं. दवाखान्यातून घरी सोडताना हे कुणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्यानं वस्ती पाहिलेली नसते.

आमची जमीन लक्षात घेऊनच पाय बनला पाहिजे. ढेकळं, बांध, पाटाचं पाणी, चप्पल बाहेर काढायचं देऊळ, मांडी घालून बसायची पंगत. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात 1968 च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचं जे पाऊल घडवलं, ते नेमकं याच आयुष्यासाठी: अनवाणी चालणारं, चिखलात जाणारं, उकिडवं बसू देणारं. 1975 पासून तिथली महावीर विकलांग सहायता समिती ते मोफत बसवते आहे. आमच्या जवळ पुण्यात वानवडीला 1944 पासूनचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, मुंबईत हाजी अलीला 1955 मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. विद्या आहे, कारागीर आहेत. त्यांची आणि किमोच्या वॉर्डाची गाठ मात्र पडत नाही. पायाचं शिबिर तालुक्याला येतं तेव्हा आमचा रुग्ण किमोच्या डोसाला गेलेला असतो, आणि तो परत येतो तेव्हा शिबिर उठलेलं असतं.

आता एका अवघड प्रश्नाकडे येतो. कधी उघड, बहुधा नजरेनं विचारला जातो: रोग छातीत गेलाय, फार दिवस नाहीत, आता पाय कशाला? हा प्रश्न घरातलेच विचारतात, तेव्हा तो जास्त लागतो. आमचं उत्तर असं. ज्याचे दिवस थोडे आहेत, त्याला थांबवून ठेवायला वेळच नाही. ज्याला चाळीस वर्षं जगायचं आहे, त्याचे सहा महिने वाया गेले तर तो नंतर भरून काढेल. ज्याच्याकडे आठच महिने आहेत, त्याला पहिल्या महिन्यात उभं केलं नाही तर कधी करणार? स्वतःच्या पेरूच्या बागेत जाऊन येणं, स्वतःचं स्वतः मोरीत जाणं, घरी आलेल्या पाहुण्यांसमोर उभं राहून नमस्कार करणं, यांची किंमत बाहेरच्यानं ठरवू नये. रुग्णाला विचारा. तो नको म्हणाला, तर नको. खुब्यापासून पाय गेलेले अनेक जण जड कृत्रिम पायापेक्षा कुबड्याच पसंत करतात, आणि कुबड्यांवर भराभर चालणारा माणूस आमच्या हिशेबी चालतोच आहे.

बायकांबद्दल स्वतंत्र लिहावं लागतंय, हे दुर्दैव. मुलाचा पाय गेला तर घर विचारतं, हा कामाला कसा जाणार. आणि उधारी करून पाय आणतं. मुलीचा गेला तर घर विचारतं, हिचं लग्न कसं होणार. आणि तिला घरात ठेवतं. सुनेचा गेला, तर कधी माहेरी पाठवतं. साडीखाली पाय दिसत नाही म्हणून पायाची घाई नाही, असंही ऐकलंय. आमच्या यादीत मुलगी आणि बाई आधी येईल. पुरुषांनी यावर नाराज व्हायला हरकत नाही.

सरकारकडे आमच्या मागण्या आहेत. पहिली, आणि सगळ्यात टोचणारी, एडिप योजनेबद्दल. 1981 पासूनच्या या केंद्रीय योजनेतून गरजूला कृत्रिम अवयव मिळतो, ही मोठी सोय आहे. पण एकदा साधन घेतलं की त्याच कारणासाठी पुन्हा तीन वर्षं मिळत नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना ही अट एक वर्षाची. हाडाचा कॅन्सर मुख्यतः बारा ते वीसच्या पोरांना होतो. म्हणजे ज्याचं हाड वाढतंय, ज्याचा स्टंप किमोनं महिन्याला बदलतोय, तोच तीन वर्षांच्या अटीत अडकतो. म्हणून घरचे शहाणपणानं थांबतात: एकदाच मिळणार आहे, तर शेवटीच घेऊ. ‘मग बघू’चं मूळ निम्मं इथे आहे. तात्पुरता पाय या अटीतून वगळा आणि कर्करुग्णाला सॉकेट बदलून देण्याची वेगळी तरतूद करा.

दुसरी मागणी दाखल्याची. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 प्रमाणे 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलं की सवलती लागू होतात. काढलेला पाय परत उगवत नाही. त्याचं प्रमाणपत्र द्यायला महिनोन् महिने तपासण्यासाठी काही शिल्लक नसतं. ज्या रुग्णालयात पाय काढला, तिथूनच कागद पुढे जावा. किमोच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी रांगेत उभं करू नका. पाय नसलेल्या माणसाला रांगेत उभं करण्यातली गंमत यंत्रणेच्या लक्षात येत नसावी.

तिसरी मागणी सरकारपेक्षा आमच्या शेजाऱ्यांकडे. लोणीला, आमच्याच तालुक्यात, प्रवरेचं वैद्यकीय संकुल आहे आणि त्यात फिजिओथेरपीचं महाविद्यालय आहे. दरवर्षी तिथे तरुण मुलं-मुली माणसाला चालवायची विद्या शिकतात. त्यांच्या प्रशिक्षणात पाय काढलेल्या कर्करुग्णाच्या घरी जाणं यावं. किमोच्या दोन डोसांच्या मधल्या काळात रुग्ण गावातच असतो, मुंबईला नसतो. त्याला चालवायला कुणी मुंबईहून यायची गरज नाही. आणि प्रत्येक आशाताईला तीन गोष्टी शिकवा: पट्टी बांधणं, पालथं झोपवणं, धोक्याची खूण ओळखणं. त्यांच्यावर कामांचा आधीच ढीग आहे, म्हणून याचा मोबदला वेगळा द्या.

पुणतांब्यातून काही सुरू झालं की मुंबईत थोडी चुळबुळ होते, हे आम्हाला माहीत आहे. 1 जून 2017 ला इथूनच शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, दूध आणि भाजी शहरांत जाणं थांबलं आणि त्याच महिन्यात राज्याला कर्जमाफी जाहीर करावी लागली. तेव्हा आम्ही थांबून दाखवलं. या वेळी अडवायला दूध नाही, रास्ता रोको नाही. पाय काढलेल्या माणसांनी रस्ता रोखला तर लोक बिचारे म्हणून बाजूनं निघून जातील. ती दया आम्हाला नको आहे. गावात चांगदेवांची समाधी आहे, त्यामुळे निर्जीव भिंत चालल्याची कथा इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. भिंत चालवायला ज्ञानेश्वर लागतात. माणूस चालवायला एक फिजिओथेरपिस्ट, एक कारागीर आणि घरातलं एक खमकं माणूस पुरतं.

या चळवळीला अध्यक्ष नाही, पावतीपुस्तक नाही, नावसुद्धा ठरलेलं नाही. नावावरून भांडणं सुरू झाल्यावर ते काम आम्ही पुढे ढकललं. कुणी पैसे मागितले, तर ते आमचे नव्हेत. आम्ही इलाज करणार नाही, औषध सुचवणार नाही आणि डॉक्टरांच्या परवानगीवाचून कुणाला उभं करणार नाही. पाय काढायचं ठरल्याचं कळलं की ऑपरेशनच्या आधी आमच्यातला एक पाय गेलेला माणूस त्या घरी जाईल, एवढं आमचं वचन. टाटाच्या वाटेवर नवखं घर असेल, तर कर्करुग्णाला उपचारासाठी रेल्वेत शयनयान वर्गाला पूर्ण सवलत असते, तिचा अर्ज भरून देऊ. शाळा सुटलेल्या पोराच्या वर्गशिक्षकांना भेटू. घरची उशी काढून घेऊ आणि आईची बोलणी खाऊ.

आणि तुमच्याकडून आज एक मागतो. कुणाच्या घरी माळ्यावर जुन्या कुबड्या, वॉकर, कमोडची खुर्ची, चाकाची खुर्ची पडलेली असेल. आजोबा गेल्यावर ती तशीच राहते. टाकवत नाही आणि लागतही नाही. ती आणून द्या. रबरी बूड झिजलेलं असलं तरी चालेल, बूड बाजारात मिळतं. स्क्रू गंजले असतील, तर गावातला वेल्डिंगवाला बघून देणार आहे, त्यानं कबूल केलंय. मोठ्या माणसांच्या मापाच्या कुबड्या मिळतीलच. लहान मुलांच्या मापाच्या कमी पडणार आहेत, त्या आधी शोधा.